मोठ्या फर्मबरोबर नाट्यगृहाच्या टेंडरात उतरावं का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. बडोद्यात तुम्हा दोघा मित्रांचं सहा माणसांचं ऑफिस आहे. बंगले, दोन शोरूम आणि एक शाळा एवढं काम नावावर आहे. जवळच्या एका नगरपालिकेला आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह आणि त्याला लागून वाचनालय बांधायचंय, त्यासाठी आर्किटेक्ट नेमायचं टेंडर निघालंय. बाहेरगावची एक मोठी फर्म तुम्हाला जॉइंट व्हेंचरमध्ये घ्यायला तयार आहे. जावं का, त्यासाठी आत्ताच माणसं घ्यावीत का, आणि शेवटी त्या इमारतीत आपलं म्हणून काही उरेल का, असे तुमचे तीन प्रश्न. जाता जाता रेव्हिट, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, शिकण्याबद्दलही विचारलंय.

मी बडोद्यातच अशा कामांच्या एका फर्ममध्ये भागीदार आहे. इस्पितळं, कोर्टाच्या इमारती, विद्यापीठाचे विभाग, नगरगृहं यांतच बहुतेक वर्षं गेली. तरी सरसकट ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. तुमच्या खात्यात किती महिन्यांचे पगार पडून आहेत, ती मोठी फर्म तुम्हाला कशासाठी घेतेय आणि टेंडरात निवड कोणत्या पद्धतीने होणार आहे, या तिन्हींवर उत्तर फिरतं. ही तपासणी तुम्हालाच करावी लागेल. कशी करायची ते सांगते.

तुमच्या लिहिण्यात एक भीती दिसते, की एवढ्या मोठ्या इमारतीचं डिझाइन आपल्याला झेपेल का. ती बाजूला ठेवा. ध्वनी, रंगमंच, एसी, अग्निशमन, स्ट्रक्चर, सगळ्यांचे तज्ज्ञ मिळतात आणि त्यांच्याशी बोलता बोलता आर्किटेक्ट शिकतो. अडचण दुसरीकडे आहे. बंगल्याच्या कामात तुम्ही साइटवर जाता, मिस्त्रीला हाक मारता, खडूने भिंतीवर रेघ ओढता आणि मालकाला चहा घेता घेता पटवता. ड्रॉइंगमध्ये राहिलेलं तोंडी भरून निघतं. सार्वजनिक कामात हे सगळं बंद होतं. कॉन्ट्रॅक्टर तुम्ही निवडलेला नसतो, तो सगळ्यात कमी दराने आलेला असतो. पैसे देणारा इंजिनियर इमारत वापरणार नसतो, आणि वापरणारे कोण ते अजून ठरलेलंही नसतं. तुमचं म्हणणं त्या साइटवर एकाच वाटेने पोचतं, ती म्हणजे टेंडरचे कागद. कागदात जे नाही ते बांधलं जात नाही. कागदात जे मोघम आहे ते सगळ्यात स्वस्त पद्धतीने बांधलं जातं, आणि त्यात कॉन्ट्रॅक्टरला लबाड म्हणण्यात अर्थ नाही. दर भरताना त्याने तेच गृहीत धरलेलं असतं. तेव्हा स्वतःला विचारायचं ते हे, की आपल्या ऑफिसला असे कागद लिहिता येतात का.

एक उदाहरण देते. एका संस्थेच्या सभागृहात आवाज घुमतो म्हणून आम्हाला नंतर बोलावलं होतं. बीओक्यूत, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, एकच ओळ होती: ‘भिंतींना अकॉस्टिक पॅनेलिंग, चौरस मीटर दराने.’ कॉन्ट्रॅक्टरने भोकांची सुंदर लाकडी पाटी लावली होती, थेट भिंतीला चिकटवून. मागे पोकळी नाही, लोकर नाही. दिसायला अकॉस्टिक, कामाला साधं फळकुट. बिल नियमाप्रमाणे निघालेलं, कारण लिहिलं होतं ते त्याने लावलं होतं. त्या ओळीत पाटीच्या भोकांचं प्रमाण, मागची पोकळी किती मिलिमीटर, खनिज लोकरीची जाडी आणि घनता, आणि शेवटी सभागृहात मोजून यायला हवा तो घुमण्याचा वेळ (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा), एवढं लिहिलं असतं तर कॉन्ट्रॅक्टरला दुसरा रस्ताच नव्हता. नाटकासाठी हा वेळ एक सेकंदाच्या आसपास चांगला, गाण्याला थोडा जास्त लागतो. पण नगरपालिकेच्या सभागृहात नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, सत्कार आणि पक्षाचा मेळावा सगळंच होतं. मी अशा ठिकाणी बोललेला शब्द आधी धरते. गायक माइक घेऊन येतोच.

सरकारी टेंडरात एका कंपनीचं नाव लिहून मोकळं होता येत नाही. नाव लिहिलं तरी ‘किंवा समकक्ष’ जोडावं लागतं, आणि सगळे वाद त्या समकक्षावर होतात. त्यामुळे वस्तूचं नाव लिहिण्यापेक्षा तिचे गुण लिहायची सवय लागते. साधी कोटा लादी घ्या. ‘कोटा, पॉलिश केलेला’ एवढं लिहिलंत तर काय येईल याची कल्पना तुम्हाला आहेच. आम्ही जाडी किती, कडा मशीनने कापलेल्या, सांधा किती मिलिमीटरचा, पायरीला अखंड तुकडा, रंगाची निवड मंजूर नमुन्यावरून, असं सगळं लिहितो. कंटाळवाणं काम आहे. पण फर्मचा दर्जा थ्रीडी चित्रांत दिसत नाही, या ओळींत दिसतो.

आता जॉइंट व्हेंचरचं. पात्रतेच्या अटी वाचल्या असतीलच. साधारण पद्धत अशी असते, की अंदाजित खर्चाच्या ४० टक्के किमतीची तीन तशीच कामं, किंवा ८० टक्क्यांचं एक काम पूर्ण झालेलं हवं, शिवाय वार्षिक उलाढालीचा आकडा. तुम्ही एकटे यात बसत नाही. ती मोठी फर्म बसते. मग तिला तुम्ही कशाला हवे आहात? हा प्रश्न त्यांना समोर बसून विचारा, लाजू नका. कधी टेंडरात स्थानिक ऑफिसची अट असते. कधी त्यांना साइटवर रोज जायला माणसं हवी असतात, आणि स्वतःची पाठवायची तर खर्च परवडत नाही. कधी स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलणारं, गुजरातीत पत्रव्यवहार करणारं कोणी हवं असतं. आणि कधी, हे क्वचित, त्यांना तुमची शाळा खरंच आवडलेली असते. चारही कारणं रास्त आहेत, मात्र प्रत्येकाचा मोबदला आणि प्रत्येकातली तुमची जागा वेगळी असते. तुम्ही डिझाइन करायला आलात असं समजताय आणि त्यांनी तुम्हाला साइट ऑफिस समजलंय, असं असेल तर पुढची दोन वर्षं कडवट जातील.

जॉइंट व्हेंचरच्या करारात बहुतेक वेळा सर्व भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. एकत्र कुटुंबातल्या कर्जासारखं आहे ते: घेतलं कोणी का असेना, सावकार ज्याच्या दाराशी पैसे दिसतील त्याच्याकडे येतो. मोठ्या फर्मच्या स्ट्रक्चर तज्ज्ञाने चूक केली, ड्रॉइंग उशिरा गेली, दंड लागला, तर नगरपालिका तुमच्याकडेही बोट दाखवू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे भागीदार न होता, ठरलेल्या कामापुरते सहयोगी आर्किटेक्ट म्हणून जायचं. काम मर्यादित, जबाबदारी मर्यादित. मग सगळे तसंच का करत नाहीत? कारण काम संपल्यावर मिळणारा अनुभवाचा दाखला. नगरपालिका दाखला देते तो जिच्याशी करार झाला तिला. सहयोगी म्हणून तुम्ही निम्मी इमारत काढली असेल, तरी पुढच्या टेंडरला दाखवायला तुमच्या हातात कागद नसतो, आणि पुढल्या वेळीही कोणाच्या तरी बोटाला धरूनच जावं लागतं. बडोद्यात अशी ऑफिसं आहेत, ज्यांनी खूप काम केलंय आणि कागदोपत्री काहीच केलेलं नाही.

यातून मधला मार्ग निघतो. तांत्रिक बोलीत तुमचं नाव, तुमच्या कामाची व्याप्ती आणि फीमधला वाटा लिहून घ्यायचा, कार्यादेशातही (वर्क ऑर्डरमध्ये) ते यावं असा आग्रह धरायचा, आणि मोठ्या फर्मशी वेगळा करार करून त्यात दोन कलमं घालायची. एक, ज्याची चूक त्याने भरायची, दुसऱ्याला झळ लागली तर भरून द्यायची. दोन, पूर्णत्वाच्या दाखल्यावर तुमच्या भागाचा उल्लेख मिळवण्याची जबाबदारी त्यांची. पहिलं कलम नगरपालिकेला बांधत नाही, तुमच्या दोघांतच चालतं, हे ध्यानात ठेवा. व्यावसायिक जबाबदारीचा विमा त्यासाठीच असतो. प्रीमियम ऐकून दचकाल, तरी घ्या. आणि वकिलाची फी वाचवू नका.

निवडीची पद्धत टेंडरच्या पहिल्या काही पानांतच सापडेल. नुसती सर्वात कमी फी बघणार असतील तर माझा सल्ला सरळ आहे, सोडून द्या. गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरणार असतील, म्हणजे ७०:३० किंवा ८०:२०, तर पुढे वाचा. पण ७० टक्के गुणवत्तेला आहेत म्हणून हुरळून जाऊ नका. हिशेब करून दाखवते. एका फर्मला तांत्रिक ८५ गुण मिळाले आणि तिने अडीच टक्के फी सांगितली. दुसरीला ७५ मिळाले आणि तिने दीड टक्का सांगितली. किमतीचे गुण सर्वात कमी फीच्या प्रमाणात देतात, तेव्हा दुसरीला १०० आणि पहिलीला ६०. आता ७०:३० ने बेरीज करा. पहिली ५९.५ अधिक १८, म्हणजे ७७.५. दुसरी ५२.५ अधिक ३०, म्हणजे ८२.५. दहा गुणांनी सरस असलेली फर्म पाच गुणांनी हरली. ८०:२० ने केलंत तर दोघी बरोबर ८० वर येतात. यातून कळतं ते असं, की तुमची मोठी भागीदार फर्म फी खाली ओढणारच, आणि ती ओढली की तुमच्या वाट्याची आधी ओढेल. म्हणून वाटा टक्क्यांत ठरवताना खालची मर्यादा रुपयांत लिहून घ्या.

पैशांवर जरा जास्त बोलते, कारण लहान ऑफिसं डिझाइनमुळे बुडत नाहीत, वाट बघण्यात बुडतात. फी टप्प्यांनी मिळते. बहुतेक करारांत बांधकाम सुरू व्हायच्या आधी निम्म्याच्या आसपास आणि बाकीची बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे. ऐकायला ठीक वाटतं, पण टप्पा पूर्ण झाला असं कधी मानायचं? ड्रॉइंग दिली तेव्हा, की मंजूर झाली तेव्हा? करारात ‘मंजुरीनंतर’ असेल, तर तुमचं बिल प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, समितीची बैठक आणि मधेच लागलेली आचारसंहिता यांच्या रांगेत उभं राहतं. ‘सादर केल्यावर इतके, मंजुरीवर उरलेले’ अशी विभागणी मागून बघा. पुष्कळदा मिळते, लोक मागतच नाहीत. बोलीपूर्व बैठकीत लेखी विचारायचं, म्हणजे उत्तर सगळ्यांना लागू होतं.

दुसरी गोष्ट, फीची टक्केवारी कोणत्या रकमेवर? अंदाजपत्रकावर, मंजूर निविदेवर की प्रत्यक्ष खर्चावर? ‘यांतील जी कमी असेल ती’ हे कलम फार ठिकाणी असतं. कॉन्ट्रॅक्टर अंदाजापेक्षा १८ टक्के खाली आला तर तुमचीही फी तेवढी खाली आली, काम मात्र तेवढंच. मग बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो. तो वर्षाच्या हिशेबात परत वळता होतो, पण आज हातात येत नाही. कामगिरीची हमी म्हणून बँक गॅरंटी द्यावी लागली तर तिच्यासाठी मुदत ठेव अडकते. जीएसटीचं आधीच सीएला विचारा. नगरपालिकेला तिच्या घटनात्मक कामांसाठी दिलेल्या नुसत्या सल्लासेवेला काही वेळा सूट मिळते, तर मोठ्या फर्मला तुम्ही लावलेल्या बिलाचं गणित वेगळं असू शकतं. कर लागू होत असेल तर बिल काढलं की तो भरायचा, पैसे आले नसले तरी. यात कितीतरी ऑफिसं अडकलेली पाहिली आहेत.

एवढ्यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: निवडीत गुणवत्तेला निदान ७० टक्के असतील, मोठ्या फर्मने तुमची जागा लेखी सांगितली असेल आणि तुम्ही सहा ते आठ महिने फी न येता पगार देऊ शकत असाल, तर जा. यातलं एक जरी नसेल तर पुढच्या टेंडराची वाट बघा. अशी टेंडरं निघत राहतात.

माणसं आत्ता घेऊ नका. कार्यादेश हातात येईपर्यंत एकही नाही. त्यानंतर घ्यायचंच झालं तर पहिला माणूस डिझायनर नको. बीओक्यू आणि स्पेसिफिकेशन लिहिणारा हवा. आर अँड बी, म्हणजे राज्याच्या रस्ते आणि इमारती खात्यातून निवृत्त झालेले डेप्युटी इंजिनियर बडोद्यात सापडतात. त्यांना एसओआर, म्हणजे सरकारी दरसूची, तोंडपाठ असतो, कुठल्या आयटमवर एक्स्ट्रा निघतो ते माहीत असतं, आणि ऑडिटवाला चार वर्षांनी येऊन काय विचारेल तेही. आठवड्यातून तीन दिवस येणारे असे एक काका तुमच्या दोन तरुण आर्किटेक्टपेक्षा जास्त उपयोगी पडतील. सुरुवातीला ते तुमच्या प्रत्येक डिटेलला ‘हे एसओआरमध्ये नाही’ म्हणतील. मग दरपृथक्करण, म्हणजे सूचीत नसलेल्या आयटमचा दर साहित्य-मजुरीवरून काढणं, कसं करायचं तेही तेच शिकवतील.

आता डिझाइनचं, ज्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी आणि सगळ्यात कळवळून लिहिलंय.

सार्वजनिक इमारतीत काय टिकतं हे बघायला आपल्या गावासारखी शाळा नाही. लक्ष्मी विलास पॅलेस मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केला, ते १८८१ मध्ये वारले, आणि १८९० मध्ये तो पुरा केला रॉबर्ट चिझम यांनी. काम मधेच दुसऱ्याच्या हाती जाणं तेव्हाही होतं. न्यायमंदिराचा विचार मुळात मंडई म्हणून झाला होता, वापरलं गेलं ते कोर्ट म्हणून, आणि अलीकडे कोर्टही दिवाळीपुऱ्याला नव्या संकुलात गेलं. उपयोग बदलत गेला, मधला उंच दालनाचा आकार राहिला. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कधी गेला नसाल तर या आठवड्यात जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून इथली वाचनालयांची व्यवस्था उभी केली. त्या लायब्ररीत पोलादी कपाटांच्या मजल्यांना काचेचे तळ आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. कुठल्याही इंजिनियरला खर्च कमी करायला तो उजेड काढून टाकता आला नसता, कारण तो मजल्याचाच भाग आहे. आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी हवा बाहेर टाकणारे उंच शाफ्ट इमारतीचा चेहरा करून टाकले. ते शोभेचे असते तर पहिल्या कपातीत गेले असते. कामाचे होते म्हणून राहिले.

माझ्या कामाचा सगळा हिशेब यावर चालतो. फिनिश कापले जातात. खर्च वाढला की दगड जाऊन टेक्श्चर पेंट येतो, लाकूड जाऊन लॅमिनेट येतं. इमारतीचा छेद (उभी कापली तर दिसणारा आकार), स्ट्रक्चर, जिने कुठे आहेत, उजेड कुठून येतो, लोक कुठून आत शिरतात, यांना कोणी हात लावत नाही, कारण ते बदलायचं तर सगळंच पुन्हा मंजुरीला जातं. म्हणून तुम्हा दोघांना जे प्रिय आहे ते सुरुवातीलाच सांगाड्यात आणि छेदात बसवा. दोनच गोष्टी निवडा, तीन नको. वाचनालयात उत्तरेचा उजेड हवा असेल तर तो छताच्या आकारातून आणा, नंतर लावायच्या जाळीतून नको.

त्यासाठी नियम पहिल्या आठवड्यात मांडून घ्यावे लागतात, मंजुरीच्या वेळी नाही. एनबीसी २०१६ च्या, म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेच्या, चौथ्या भागात बाहेर पडायच्या वाटांचा हिशेब आहे. सपाट वाटेला आणि दारांना माणशी ६.५ मिमी, जिन्याला माणशी १० मिमी. आठशे माणसं म्हणजे दारांची मिळून ५.२ मीटर रुंदी. बाल्कनीत अडीचशे बसले तर हिशेबाने जिन्यांची अडीच मीटर रुंदी पुरते, पण जिने दोन लागतात आणि सभागृहाचा जिना २ मीटरहून अरुंद चालत नाही. हे नंतर घुसवलंत की तुमची लॉबी दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. राजकोटच्या मे २०२४ च्या आगीनंतर गुजरातेत फायरची तपासणी अर्थातच कडक झाली आहे, आणि झालीच पाहिजे. भूकंपाच्या कोडमध्येही मोठ्या सभागृहांना घरापेक्षा जास्त महत्त्व दिलंय. त्या कोडच्या, आयएस १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत त्यांचा महत्त्व गुणांक १.५ आहे (भूकंपाचा जोर दीडपट धरायचा). म्हणजे सादरीकरणाच्या चित्रातले काटकुळे खांब विसरा. स्ट्रक्चरवाल्याला पहिल्या स्केचपासून शेजारी बसवा, जाड खांबांचीच लॉबी काढा आणि ती चांगली काढा.

पाणी आणि माती यांचंही तसंच. आपल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी काळाघोडा पुलाशी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती किती वर गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमची नगरपालिका दुसऱ्या नदीकाठी असेल, पण जागेवर जुन्या माणसांना विचारून पुराची रेघ भिंतीवर बघा आणि लेव्हल घेऊन ड्रॉइंगवर लिहा. विजेची खोली, जनरेटर आणि फायर पंपाचे पॅनेल त्या रेघेच्या वर. बेसमेंटमध्ये पार्किंग मागतील तेव्हा हे आधीच सांगितलेलं असलं पाहिजे, मिनिट्समध्ये. काळी माती असेल तर पाया आणि जोत्याखालचा भराव यावर मातीच्या चाचणीआधी एक शब्द बोलू नका. फुगणारी माती जमिनीची फरशी उचलते, आणि उद्घाटनानंतर वर्षभरात वर्तमानपत्रात फोटो येतो तो त्या फरशीचा.

आणि वापरणाऱ्यांना शोधा. नगरपालिका तुम्हाला मंचाचा आकार सांगेल, पण नाटकाच्या सेटचा ट्रक कुठे लागतो ते सांगणार नाही. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात एखाद्या प्रयोगाच्या दुपारी मागच्या बाजूने जा, परवानगी घेऊन. सेट उतरवणाऱ्यांशी, लाइटवाल्याशी, पडद्यावाल्याशी बोला. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग मोजा. अडीचशे बायका एकाच वेळी दहा-पंधरा मिनिटांत येतात, आणि तिथे नियमातला किमान आकडा कमीच पडतो. मी नेहमी वाढवून मागते, आणि त्याचं समर्थन टिपणात लिहून ठेवते. कारण ज्या इंजिनियरने ते तोंडी मान्य केलंय, त्याची बदली होणार आहे.

बांधकाम चालू असतानाची एक युक्ती सांगते, तिने आमचं पुष्कळ वाचलं आहे. नमुना हा बीओक्यूतला स्वतंत्र, पैसे मिळणारा आयटम करा: खुर्च्यांची एक रांग पायऱ्यांसह, एक पूर्ण स्वच्छतागृह, एक खिडकी भिंतीसकट. फुकट नमुना मागितला तर कॉन्ट्रॅक्टर टाळतो. त्याचे पैसे असले की करतो, आणि मंजूर झालेला नमुना पाडायचा नाही, काम संपेपर्यंत ठेवायचा, असंही तिथेच लिहा. तोंडी भांडण्याऐवजी सगळे त्या नमुन्यापाशी जाऊन उभे राहतात. तुमच्या करारात साइटभेटी किती आणि कोणाच्या, हेही स्पष्ट हवं. मोठी फर्म इथे तुमच्यावर विसंबणार आहे, तेव्हा दर भेटीचा दर ठरवून घ्या, नाहीतर त्या भेटी गृहीत धरल्या जातील.

रेव्हिटचं उत्तर लहान आहे. हो, पण एकानेच, आणि या टेंडरसाठी घाईने नाही. मोठ्या फर्मकडे मॉडेल करणारी माणसं असतील. नाट्यगृहात तुळया, एसीचे डक्ट आणि लाइटच्या पट्ट्या एकाच पोकळीत भांडतात, ते मॉडेलमध्ये लवकर दिसतं, म्हणून उपयोग नक्की आहे. सराव तुमच्या शाळेच्या ड्रॉइंगवर करा. तिचं बीओक्यू तुम्ही हाताने काढलेलं आहे. मॉडेलमधून निघालेले आकडे त्याच्याशी ताडून बघा, प्लास्टर आणि सेंटरिंगमध्ये फरक कुठे येतो ते टिपा, आणि टेंडरच्या आकड्यांसाठी मॉडेलवर किती विसंबायचं ते त्यावरून ठरवा.